विक्रमचा धूर आणि लखनौची हवा

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनीनगर येथे उभ्या राहिलेल्या स्कूटर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कारखान्याचा इतिहास सामान्यतः एका उद्योगाच्या चढउताराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु तेथे तयार झालेल्या वाहनांच्या सायलेन्सरमधून काय बाहेर पडत होते, आणि ते रोखण्याची साधने या शहरापर्यंत कोणत्या क्रमाने आली, हा प्रश्न विचारला की त्याच इतिहासाची दुसरी बाजू समोर येते. मिलानच्या इनोचेंती कंपनीने 1971 मध्ये लॅम्ब्रेटा स्कूटरचे उत्पादन थांबवल्यावर तिची यंत्रसामग्री भारताने विकत घेतली, 1972 मध्ये लखनौच्या कंपनीची स्थापना झाली आणि 1975 मध्ये व्यापारी उत्पादन सुरू झाले. ‘विजय सुपर’ ही स्कूटर आणि ‘विक्रम’ ही तीनचाकी प्रवासी गाडी ही या कारखान्याची ओळख ठरली. लखनौकर मात्र विक्रमला विक्रम न म्हणता ‘टेम्पो’च म्हणत आले. मूळचे हॅम्बर्गच्या कारखान्याचे असलेले हे नाव 1958 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या बजाज टेम्पोमुळे भारतात रुळले, आणि गोमतीकाठी ते प्रतिस्पर्ध्याच्या गाडीला चिकटले.

लॅम्ब्रेटाचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे द्विघाती, होते. अशा इंजिनात दट्ट्याच्या एका वर-खाली फेरीतच इंधनाचे ज्वलन, जळलेल्या वायूचे निष्कासन आणि नव्या मिश्रणाचा प्रवेश ही सारी कामे उरकतात. झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या दट्ट्याच उघडतो आणि मिटतो. ही रचना स्वस्त, हलकी आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीला सहज उलगडणारी असली तरी तिच्यात एक मूलभूत उणीव आहे: जळका वायू बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजे मिश्रण आत येण्याची खिडकी काही क्षण एकाच वेळी उघडी राहतात, त्यामुळे ताज्या पेट्रोलचा बराच हिस्सा न जळताच धुराबरोबर निघून जातो. शिवाय वंगणाचे तेल इंधनातच मिसळलेले असल्याने तेही अर्धवट जळून निळसर धुराच्या रूपाने बाहेर पडते आणि त्याचे काळे थर सायलेन्सरच्या आत साचतात. गाडी ओढेनाशी झाली की सायलेन्सर उतरवून, तापवून कार्बन काढणे हा गॅरेजमधल्या नित्यकर्माचाच भाग असे. या इंजिनाची निष्कासन नलिका हा केवळ धूर वाहून नेणारा पाइप नसतो, कारण तिच्या आकारातून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला काही प्रमाणात मागे लोटते. म्हणजेच सायलेन्सरच्या घडणीवर गाडीची शक्ती आणि शहराची हवा ही दोन्ही अवलंबून होती.

ज्या 1975 मध्ये लखनौत द्विघाती स्कूटरचे उत्पादन सुरू झाले, त्याच वर्षाच्या मॉडेलपासून अमेरिकेतील बहुतेक मोटारींवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरक परिवर्तक, बसू लागला. फ्रेंच अभियंता यूजीन हूड्री यांनी 1950 च्या दशकात या दिशेने पायाभूत काम केले होते. 1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने त्याला बाजारपेठ दिली. परिवर्तकाच्या पोलादी डब्यात मधाच्या पोळ्यासारखी असंख्य बारीक छिद्रे असलेली चिनी मातीची वीट असते आणि छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिसूक्ष्म थर असतो. सुमारे 250 ते 300 अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावर हे धातू स्वतः न खर्ची पडता विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये, न जळलेल्या इंधनाचे त्याच वायूत आणि पाण्याच्या वाफेत, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर घडवतात. ही तिन्ही कामे एकदम होण्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण काटेकोर राखावे लागते, आणि त्यासाठी नलिकेतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक लागतो. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात सिलिंडरच्या दोन ओळी असलेल्या मोठ्या मोटारींत प्रत्येक ओळीला स्वतंत्र नलिका आणि स्वतंत्र परिवर्तक देण्याची, म्हणजे दुहेरी निष्कासनाची, पद्धत आहे. मागे दिसणारी दोन तोंडे मात्र पुष्कळदा एकाच नलिकेला फुटलेले शोभेचे फाटे असतात.

परिवर्तकाचा खरा शत्रू शिसे. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशाचा लेप धातूंवर चढला की ते निकामी होतात. गंधकही त्यांची ताकद घटवते. म्हणून या उपकरणाचा भारतातील प्रवास म्हणजे वस्तुतः शुद्ध इंधनाचा प्रवास आहे, आणि लखनौच्या बाबतीत हीच गोष्ट निर्णायक ठरली. 1995 च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला, पण शिसेमुक्त पेट्रोल देशभर पोहोचायला फेब्रुवारी 2000 उजाडावे लागले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने 2002 मध्ये मांडलेल्या इंधन धोरणाने पुढचे टप्पे शहरवार आखले. एप्रिल 2010 मध्ये भारत स्टेज-4 मानके ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झाली त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर होते आणि लखनौही होते. पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा त्यामुळे दशलक्ष भागांत 50 वर आली. उर्वरित देशाला हेच इंधन मिळायला 2017 साल उजाडले.

हवेचा हिशेब ठेवणारी संस्था लखनौत कारखान्याच्याही आधीपासून होती, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. 1965 मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र, म्हणजेच आजची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर शहराच्या हवेची तपासणी करून तिचे अहवाल प्रसिद्ध करत आले आहे. धुराचे यंत्र आणि धुराचे मोजमाप एकाच शहरात सरकारी खर्चाने चालावे, आणि तरीही एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या आराखड्यापर्यंत वेळेवर पोहोचू नये, ही या इतिहासातील सर्वांत खेदाची बाब म्हटली पाहिजे. द्विघाती इंजिनांनाही पुढे ऑक्सिडीकरण करणारा साधा परिवर्तक बसवता आला, परंतु तेलाच्या राखेने तो लवकर झाकोळतो आणि मुळात निसटणाऱ्या पेट्रोलचा अपव्यय त्याने थांबत नाही. म्हणून खरा उपाय इंजिन बदलणे हाच होता. लखनौच्या कारखान्यात स्कूटर बनणे 1997 मध्ये थांबले आणि तीनचाकी वाहने तेवढी उरली. 2005 मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन गॅस लिमिटेडने पुढे लखनौ आणि आग्रा या शहरांना सीएनजीचा पुरवठा केला.

जानेवारी 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्कूटर्स इंडिया बंद करण्यास संमती दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मोटारसायकलींच्या बदललेल्या सायलेन्सरच्या कर्कश आवाजाची स्वतःहून दखल घेतली. मूळ सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावताना अनेकदा त्यातच बसवलेला परिवर्तकही निघून जातो. आवाजाची तक्रार न्यायालयापर्यंत पोहोचली, पण त्या पाइपातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो.