दिनविशेष २६ जानेवारी १९४२ : च्युइंगमवाले पाहुणे

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते. बेलफास्टच्या धक्क्यावर अमेरिकी सैन्याची पहिली तुकडी उतरली आणि उत्तर आयर्लंडभर पांगली. पुढे इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतही पत्र्याच्या अर्धगोल निसेन बराकी उभ्या राहिल्या.

गावात तेव्हा साखर, चहा, लोणी सगळंच रेशनवर. पाहुण्यांच्या खिशात मात्र चॉकलेट, च्युइंगम आणि ब्रिटिश जवानापेक्षा कितीतरी भरघोस पगार! पोरंटोरं मागे लागत, स्थानिक जवानांचा जळफळाट होई. अमेरिकी युद्ध खात्याने मग पुस्तिकाच काढली: पगाराची फुशारकी नको, कोमट बिअरला नावं ठेवू नका. किती जणांनी हे पाळलं, हा भाग वेगळा.

सामानासोबत सैन्यातला वर्णभेदही आला. लँकशायरमधल्या बॅम्बर ब्रिज गावात कृष्णवर्णीय जवानांची ट्रक-तुकडी होती. पबमध्ये त्यांना वेगळं ठेवा, असा लष्कराचा आग्रह. त्यावर पबवाल्यांनी ‘फक्त काळ्या सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावल्याचं सांगतात. २४ जून १९४३च्या रात्री तिथल्या एका पबपाशी लष्करी पोलिसांशी उडालेली चकमक गोळीबारापर्यंत गेली. एक कृष्णवर्णीय जवान ठार झाला. ३०हून अधिक जण कोर्टमार्शलमध्ये दोषी ठरले.

प्रेमंही जुळलीच. बरोबर चार वर्षांनी, २६ जानेवारी १९४६ला, साउदॅम्प्टनहून ‘अर्जेंटिना’ हे जहाज न्यूयॉर्ककडे निघालं. त्यात साडेचारशेच्या आसपास ब्रिटिश नववधू होत्या आणि त्यांची तान्ही बाळं.