चित्राची कुळकथा

यंत्रें चित्रें रचूं लागल्यापासून खरें चित्र कोणतें व खोटें कोणतें, हा प्रश्न घरोघर उभा राहिला आहे. तथापि महाराष्ट्रास तो सर्वस्वीं नवा नाहीं. पेण येथें जन्मलेले इतिहाससंशोधक वासुदेव सीताराम बेंद्रे यांचें उदाहरण या कामीं आम्हांस मोलाचें वाटतें.

इब्राहीम खान नामक पुरुषाचें एक चित्र दीर्घकाळ शिवाजी महाराजांचें म्हणून मिरवत होतें. चित्र बनावट नव्हतें. त्याखालचें नांव खोटें होतें. पाहणाऱ्यांनीं मुद्रेवरील तेज पाहिलें, चित्राचें कूळ कोणीं विचारलें नाहीं. १९२८ सालीं ‘साधन-चिकित्सा’ लिहिणाऱ्या बेंद्र्यांनीं तें विचारलें, आणि १९३३ सालीं डचांच्या द्वारें आलेलें महाराजांचें चित्र प्रसिद्ध केलें. नुसतें ‘हें खोटें’ म्हणून ते थांबले असते, तर लोकांनीं जुनें चित्र सोडलें असतें काय?

आजच्या यंत्राची करणी निराळी. असंख्य चित्रें व त्यांचीं वर्णनें यांवरून तें शिकतें, आणि ठिपक्यांच्या निरर्थक गोंधळांतून पायरीपायरीनें आकृति उकलतें. त्या आकृतीसमोर कोणी माणूस बसलेला नसतो. मार्च २०२३ मध्यें पोप फ्रान्सिस यांचें फुगीर पांढऱ्या कोटांतील असेंच चित्र जगभर खरें मानलें गेलें. तेव्हां वांकडीं बोटें, विसंगत सावल्या, पाटीवरील विद्रूप अक्षरें या खुणा पारखी दाखवीत. परंतु नवीं यंत्रें त्या झपाट्यानें पुसून टाकीत आहेत. खोटें ओळखणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. पण कारण न सांगतां दिलेला निकाल म्हणजे एका आंधळ्या विश्वासाच्या जागीं दुसरा.

म्हणून पेण-रोह्याच्या एखाद्या घरीं, वडील मंडळींच्या हातांतील फोनवर क्षोभ उत्पन्न करणारें चित्र येतें, तेव्हां डोळ्यांपेक्षां बेंद्र्यांचे प्रश्न अधिक उपयोगी पडतील: हें कोणीं काढलें? कधीं व कोठें? प्रथम कोणाच्या हातीं होतें? उत्तर न मिळाल्यास चित्र पुढें धाडूं नये. आणि पुराव्यावांचून खऱ्या चित्रासही खोटें म्हणूं नये. कारण सगळींच चित्रें खोटीं ठरविण्याची संवय लागली, तर अन्यायाचा खरा पुरावाही हंसण्यावारी जाईल, आणि लबाडाला त्याहून अधिक कांहीं नको असतें.