आल्टबाउ, चाळ आणि भाड्याची बराक

बर्लिनमध्ये भाड्याने घर शोधायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात एक शब्द हमखास शिकतो: आल्टबाउ. म्हणजे जुनी, बहुधा शंभर-सव्वाशे वर्षांची इमारत. उंच छत, लाकडी जमीन, जाड भिंती. जाहिरातीत हा शब्द दिसला की घर बघायला झुंबड उडते. मलाही असंच घर हवं होतं, म्हणून शनिवार-रविवारी त्यांचा इतिहास वाचायला घेतला. आणि मंडळी, तो भलताच निघाला! यातल्या कितीतरी इमारती म्हणजे एकेकाळच्या चाळीच.

1862 साली जेम्स होब्रेख्ट या इंजिनिअरने शहराच्या वाढीचा आराखडा केला. रस्ते आखले, मधले भूखंड भलेमोठे ठेवले, पण आत काय बांधायचं ते मालकांवर सोडलं. (आपल्या भाषेत, इंटरफेस दिला आणि इंप्लिमेंटेशन दुसऱ्याच्या गळ्यात!) 1853च्या नियमाप्रमाणे आतला चौक किमान 5.34 मीटर लांब-रुंद हवा. का? तर आगीचा बंब वळला पाहिजे म्हणून. उजेड-बिजेड भानगड नाही. मालकांनी नेमकं तेवढंच केलं. रस्त्याकडे नक्षीदार इमारत, मागे चौक, मग इमारत, पुन्हा चौक. लोक याला मीट्सकासर्न म्हणू लागले, म्हणजे भाड्याची बराक. वेडिंग भागातल्या मायर्स होफमध्ये असे सहा चौक एकामागे एक होते आणि सुमारे 2000 माणसं राहत. 1972मध्ये तो पाडला.

1877 ते 1905 या काळात बर्लिनची वस्ती 10 लाखांवरून 20 लाखांवर गेली. भाडं परवडावं म्हणून कुटुंबं बिछानासुद्धा भाड्याने देत. रात्रपाळीचा कामगार दिवसा त्यावर झोपायचा. आपल्या गिरणगावाची आठवण झाली ना? काही गरीब तर नव्या इमारतीत ओला गिलावा वाळेपर्यंत स्वस्तात राहायचे. भिंती वाळल्या की चला, पुढची ओली इमारत!

पहिल्या महायुद्धाने घरांची टंचाई आणखी वाढवली. जर्मनीत 1922 आणि 1923मध्ये भाडेनियंत्रणाचे आणि भाडेकरूंच्या संरक्षणाचे कायदे आले. मुंबईत असा कायदा 1918मध्येच आला होता. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. मुंबईत 1947च्या कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी फोफावली आणि नव्या भाडेकरूच्या नशिबी 11 महिन्यांचा करार आला. जर्मनीने भाडं हळूहळू वाढू दिलं, पण माणसाला घराबाहेर काढणं अवघड करून ठेवलं. करार सहसा बेमुदत असतो. मालकाला स्वतःला राहायला घर हवंय, असं काहीतरी कायदेशीर कारण द्यावं लागतं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी.

छानच की! पण हे संरक्षण आत शिरलेल्याला. दाराबाहेरच्याचं काय? आतले हलत नाहीत, त्यामुळे घरं रिकामी होत नाहीत. मालक निवडून निवडून घेतात, 'शुफा'चा दाखला मागतात. ही पतनोंदणीही 1927मध्ये बर्लिनमध्येच सुरू झाली, वीज कंपनीच्या गिऱ्हाइकांना हप्त्यावर उपकरणं विकताना! काल विमानातून उतरलेल्याचा तिथे इतिहासच नसतो. 2020मध्ये बर्लिनने बहुतेक भाडी गोठवून पाहिली. जाहिराती आटल्या, आणि 2021मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदाच रद्द केला.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं पान 1924चं वाटतं. महागाईने जुन्या घरमालकांची कर्जं मातीमोल झाली होती. म्हणजे मालकांना घर फुकटात पडलं! सरकारने त्यावर कर बसवला आणि त्यातला पैसा नव्या घरांत घातला. 1925पासून ब्रिट्झमध्ये ब्रूनो टाउट आणि मार्टिन वाग्नर यांनी घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत उभी केली, मधोमध तळं आणि प्रत्येक घराला उजेड. 2008पासून ती जागतिक वारसा आहे. लोक अजूनही तिथे राहतात.

म्हणजे तेव्हाच्या लोकांनी दोन्ही गोष्टी एकदम केल्या: आतल्याला कायदा आणि बाहेरच्याला नवीन घर. बर्लिन असो की मुंबई, आपण भांडतो ते फक्त पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी कोण भांडणार? बाहेरच्याला तर तिथे अजून मतही नसतं.