धातूंचे अब्जांशी कण : डीएनए-शोधातील खुणा
डीएनएच्या छोट्या धाग्यांना सोने-चांदीचे अब्जांशी कण जोडून ठरावीक जनुकक्रम ओळखण्याची पद्धत. अमेरिकेत चॅड मिर्किन व रॉबर्ट लेट्सिंगर यांच्या गटाने १९९६ मध्ये डीएनएच्या साहाय्याने सुवर्णकण एकत्र बांधले आणि पुढच्याच वर्षी त्यावर चाचणी उभी केली. सुमारे १३ नॅनोमीटरचे सुटे सुवर्णकण द्रावणात लाल दिसतात. दोन वेगळ्या कणांवरील धाग्यांना पूरक असा डीएनए सापडला, की कण जवळ येतात आणि रंग जांभळट-निळा होतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारा हा बदल या चाचणीचे खरे सामर्थ्य. चाचणी काचपट्टीवर केल्यास उमटणारी फिकी खूण चांदीचा थर चढवून ठळक करतात.

सुवर्णकण बनवण्यावर भारतातही काम झाले : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून त्रिकोणी सुवर्णकण घडवले. ते काम कणनिर्मितीचे, डीएनए-चाचणीचे नव्हे. पण घातक रसायनांवाचून कण मिळवण्याची ही वाट मोलाची आहे.