राख, वाढव, वापर : सिरसीचं रान आणि यक्षगान

५ नोव्हेंबर हा आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. १८४३ साली या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं, हे नाटकवेड्या प्रत्येकाला पाठ असतं. त्याच्या आधीचं पान मात्र फारसं उलटलं जात नाही. होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली होती. त्यांचे यक्षगानाचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं, असं काही आपल्या भाषेत व्हायला हवं. त्यांनी ते काम भाव्यांवर सोपवलं. म्हणजे मराठी नाटकाच्या मुळाशी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या एका गावच्या कलावंतांचं देणं आहे.

आता गंमत बघा. भाव्यांच्या त्या प्रयोगानंतर बरोबर १४० वर्षांनी, १९८३ साली, त्याच जिल्ह्यात सिरसी तालुक्यातल्या लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या. त्या चळवळीचं नाव 'अप्पिको'. कन्नडमध्ये अप्पिको म्हणजे कवटाळा, मिठी मारा. आणि चळवळीचा निरोप गावोगाव पोचवायला जी साधनं वापरली गेली, त्यांत यक्षगानही होतं.

कलेने जंगल वाचवलं, असं वाक्य भाषणात छान वाटतं. पण मी पेशाने इंजिनिअर. वाचवलं म्हणजे नेमकं काय केलं, कोणत्या जागी किती जोर लागला, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. या लेखात तेवढंच करायचं आहे.

आधी रानाची कथा. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो मुंबईकडेच होता. बेळगाव, धारवाड, कारवार हे एकाच इलाख्यातले शेजारी. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका नाही. १८७८ च्या वन कायद्यानंतर इथलीही रानं सरकारी राखीव होत गेली. सिरसी-सिद्दापूरच्या पोफळीच्या बागांसाठी मात्र एक सवलत टिकली. बागेला लागून असलेल्या रानातून पालापाचोळा आणायचा हक्क बागायतदाराला होता. या रानाला तिकडे 'सोप्पिन बेट्ट' म्हणतात, म्हणजे पाल्याचा डोंगर. तो पाला गोठ्यात अंथरायचा, त्याचं खत करायचं, ते पोफळीला, मिरीला, वेलदोड्याला घालायचं. डोंगरावर रान असेल तर खाली ओहोळ उन्हाळ्यातही वाहतो. रान गेलं की खत गेलं, पाणी गेलं, बाग गेली. इतका सरळ हिशोब होता.

स्वातंत्र्यानंतर हिशोब बदलला. प्लायवुडच्या कारखान्यांना आणि दांडेलीच्या कागद गिरणीला कच्चा माल लागत होता. नैसर्गिक रान सरसकट तोडून तिथे सागाच्या, निलगिरीच्या रांगा लावल्या गेल्या. माधव गाडगीळांनी लिहून ठेवलं आहे की कागद गिरणीला बांबू टनामागे दीड रुपया दराने मिळत होता. बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारात टनामागे सुमारे दीड हजाराने घ्यावा लागे. एकाला जवळजवळ फुकट आणि दुसऱ्याला हजारपट. जो फुकट घेतो तो जपून का वापरेल?

जिल्ह्याचं वनक्षेत्र १९५० मध्ये ८१ टक्के होतं, ते १९८० पर्यंत २४ टक्क्यांवर आलं, असा आकडा चळवळीच्या लिखाणात नेहमी येतो. तो चळवळीचा आकडा म्हणूनच वाचावा. 'जंगल' कशाला धरायचं यावर असे आकडे खूप हलतात. पण ओहोळ आटताना दिसायला टक्केवारी लागत नाही.

तोडीचं एक गणित मांडतो. निवडक तोडीत एकरी दोन झाडं घ्यायची, असं कागदावरचं प्रमाण सांगितलं जाई. वाचायला किती सौम्य! पण तीस मीटर उंचीचं, दहा मीटर माथ्याचं झाड पडतं तेव्हा साधारण ३०० चौरस मीटरची पट्टी चिरडत जातं. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दोन झाडांत ६०० चौरस मीटर, म्हणजे एकराचा जवळजवळ १५ टक्के भाग झोपला. ओंडके ओढून नेण्याची वाट आणि ट्रकचा रस्ता यात धरलेलाच नाही. नोंदवहीत दोन झाडं लागतात. चिरडलेली रोपं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. गावकऱ्यांची तक्रार नेमकी हीच होती : शिक्का एका झाडावर, नाश आजूबाजूच्या कितीतरी झाडांचा.

१९८३ च्या ऑगस्टमध्ये गावकऱ्यांनी तोड थांबवा म्हणून वनखात्याकडे मागणी केली. सुंदरलाल बहुगुणा येऊन चिपकोची हकिगत सांगून गेले होते. चिपकोत काम केलेले पांडुरंग हेगडे लोकांबरोबर होते. मागणीचा उपयोग झाला नाही. ८ सप्टेंबर १९८३ रोजी साल्कणी आणि आसपासचे पुरुष, बायका, मुलं कळसेच्या रानात चालत गेली आणि झाडांना कवटाळून उभी राहिली. हे ३८ दिवस चाललं. शेवटी सरकारने तिथल्या तोडीचा हुकूम मागे घेतला. मग हे लोण इतर गावांत पसरलं.

इतिहासाच्या वाचकाला इथे १९३० आठवल्याशिवाय राहत नाही. जंगल सत्याग्रहात बिळाशीच्या लोकांनी कायदा मोडून साग तोडला आणि त्यावर झेंडा लावला. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा झाड तोडणं हा सत्याग्रह होता, १९८३ ला झाड धरून ठेवणं हा सत्याग्रह झाला. कृती उलटी, पण प्रश्न एकच : या रानाचं काय करायचं हे कोण ठरवणार? फरक इतकाच की १९३० ला लोकांनी हक्क मागितला आणि १९८३ ला हक्काबरोबर राखणही अंगावर घेतली.

आता कलेकडे येऊ. अप्पिकोच्या लोकांनी रानावनातून पदयात्रा काढल्या, स्लाइड शो दाखवले, पथनाट्यं केली, लोकनृत्यं बसवली, यक्षगानाचे खेळ लावले. यांतल्या यक्षगानाचा उपयोग वेगळा होता. त्याला गाव आपसूक जमतं. भागवत गाऊ लागला, चंडे वाजू लागलं, की बागायतदार आणि मजूर, म्हातारी आणि पोर एकाच अंगणात रात्र काढतात. खात्याची नोटीस चारजण वाचतात; खेळ सगळं गाव पाहतं. आणि खेळ संपल्यावर लोक लगेच उठत नाहीत, बोलत बसतात.

पण कला आपोआप झाडाच्या बाजूची असते, असं मात्र समजू नये. यक्षगान ज्या महाभारतावर जगतं त्यातच खांडववनदहन आहे. कृष्ण-अर्जुन अख्खं रान अग्नीला देतात, त्यातून जीव वाचलेला मयासुर पुढे पांडवांना मयसभा बांधून देतो, आणि श्रोते पिढ्यान्‌पिढ्या त्या सभेचं कौतुक ऐकतात. मयासुर म्हणजे आम्हा इंजिनिअर लोकांचा पूर्वजच! रान जाळून उभ्या राहिलेल्या इमारतीचं गुणगान करण्यात आमची जातकुळी पहिल्यापासून पुढे आहे. म्हणून गाणं कुणाच्या बाजूने गायचं, हे गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठरवावं लागतं. सिरसीच्या लोकांनी ते ठरवलं.

अप्पिकोची सगळ्यात चांगली कलाकृती कोणती, असं मला विचाराल तर मी तीन शब्दांची घोषणा सांगेन : 'उळिसु, बेळेसु, बळसु'. राख, वाढव, वापर. कन्नडमध्ये हे तीन शब्द एकमेकांत असे वाजतात की एकदा ऐकले की विसरत नाहीत. आणि प्रत्येक शब्दामागे एक काम आहे. राख म्हणजे उभ्या रानावर पहारा. वाढव म्हणजे रोपवाटिका आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर स्थानिक झाडांची लागवड. वापर म्हणजे जपून वापर; त्यासाठी जळण कमी खाणाऱ्या सुधारित चुलींचा प्रसार. पहिला शब्द ठेकेदाराला उद्देशून आहे, उरलेले दोन स्वतःला. चूल आपल्या घरात आहे, रोप आपल्या परड्यात आहे. दुसऱ्याला 'तोडू नको' म्हणणाऱ्या चळवळी पुष्कळ झाल्या. 'माझ्या चुलीत काय जळतं' हे विचारणारी विरळा. तोड थांबल्यावरही काम उरलं, ते या दोन शब्दांमुळे. पुढच्या काही वर्षांत कर्नाटक सरकारने सह्याद्रीतल्या नैसर्गिक रानातली हिरव्या झाडांची तोड थांबवली.

या धाग्याचं एक टोक मराठी मुलखात आहे. १ नोव्हेंबर १९८७ रोजी 'पश्चिम घाट बचाओ' पदयात्रा दोन्ही टोकांकडून निघाली. उत्तरेची तुकडी नवापूरहून, दक्षिणेची कन्याकुमारीहून. फेब्रुवारी १९८८ च्या आरंभी गोव्यात फोंड्याजवळ रामनाथीला दोन्ही तुकड्या भेटल्या. मराठी, कोकणी, कन्नड, मल्याळम, तमिळ बोलणारे लोक तीन महिने एकाच डोंगररांगेच्या कडेने चालले होते.

आता आपल्या दारातलं. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवाच्या नावाने राखलेल्या या रानाच्या तुकड्यांत शेकडो वर्षांची झाडं उभी होती. ती राखणारी गोष्टही एक कलाच होती : देवाची कथा, जत्रेतलं गाणं, 'इथली काडी मोडायची नाही' ही आजीची ताकीद. खानापूर तालुक्यात २०११ साली सुमारे १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य जाहीर झालं, तिकडे निदान कायदा आहे. गावालगतच्या दोन-चार एकरांच्या राईला मात्र बहुतेक ठिकाणी गोष्टीचाच आधार आहे. आणि ती गोष्ट आता उलटी फिरते आहे. देव तोच, भक्ती तीच, पण आधी देव राईत राहायचा, आता जीर्णोद्धाराच्या नावाखाली राई तोडून देवाला स्लॅबचं देऊळ, सभामंडप आणि पार्किंग मिळतं. देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक लागतो. किती झाडं गेली, त्याचा फलक नसतो.

यावर उपाय नवा शोधायला नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, सगळीकडे कायदा तोच. आपल्या मंडळासारख्या इतिहासवेड्या लोकांनी देवळाचा शिलालेख वाचायला जावं तेव्हा राईतही एक फेरी मारावी. सर्व्हे नंबर, हद्द, मोठ्या झाडांची मोजणी आणि बुंध्याचा घेर, राईची कथा, जत्रेतली गाणी म्हणणाऱ्या बायकांनी सांगितलेले जुने नियम, हे सगळं लिहून पंचायतीच्या त्या नोंदवहीत घालायला लावावं. वीरगळ मोजतो तसाच बुंधा मोजावा. आणि जीर्णोद्धार समितीची बैठक असेल तेव्हा कागद हातात घेऊन तिथे बसावं, कारण झाडांची बाजू मांडायला त्या बैठकीत बहुधा दुसरं कुणी नसतं.

वीरगळ हलवला तर परत जागेवर बसवता येतो. राई एकदा गेली की तिची गोष्ट सांगायला आपण उरतो, पण ऐकणाऱ्या पोराला दाखवायला काही उरत नाही.