एक पेला, दोन जिन्नस

आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांत ‘डिमसम ब्रंच’ आता नवलाईचा राहिलेला नाही. बांबूच्या टोपल्या येतात, झाकण उघडले की वाफ येते, आत पारदर्शक पारीत गुंडाळलेली कोलंबी दिसते. जेवणाच्या शेवटी कुणाला हवा असेल तर चहा. या क्रमाकडे पाहून मला नेहमी वाटते, की ही पंगत उलटी मांडली आहे. ज्या प्रदेशातून हा प्रकार आला तिथे त्याला ‘डिमसम खाणे’ म्हणतच नाहीत. कँटनी बोलीत त्याचे नाव ‘यम चा’, म्हणजे ‘चहा पिणे’. डिमसम हे त्या चहाचे तोंडीलावणे.

‘डिम सम’ या शब्दांचा अर्थ काळजाला हलकासा स्पर्श. मोठ्या जेवणाआधी पोटाला दिलेला आधार या अर्थाने हा शब्द चीनमध्ये तांग राजवटीपासून आढळतो. त्याच काळात, आठव्या शतकात, लू यू याने चहावरचा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पण चहा आणि फराळ यांची आजची जोडी जमली ती दक्षिणेत, मोती नदीच्या मुखाजवळच्या ग्वांगचौ शहरात. या शहराला आपले व्यापारी कँटन म्हणत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कँटनमध्ये ‘दोन ली’ची दुकाने होती. ली हे अगदी क्षुल्लक नाणे. तेवढ्यात हमालाला, नावाड्याला चहा मिळे. साधी लाकडी मेजे, बाकडी, जाडाभरडा चहा आणि पोट भरेल असा एखादा तांदळाचा पदार्थ. त्यानंतर मजली चहागृहे उभी राहिली. १८८० मधले ताओ ताओ जू आणि १८८९ मधले लिन श्यांग लौ ही त्यांतली नामांकित. मजला जितका वरचा तितका दर चढा, त्यामुळे कोण कुठे बसला यावरून त्याची ऐपत कळे. तरी मागणी सर्वांची एकच असे : ‘एक पेला, दोन जिन्नस’. झाकणाच्या पेल्यात चहा आणि सोबत दोन पदार्थ. मजूर तेवढ्यावर कामाला जाई. दलाल तेवढ्यावरच तासन् तास सौदे करी.

आता मुंबईचा संबंध. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन हे एकच बंदर खुले होते. इंग्रजांना चहा हवा होता आणि चीनला इंग्रजांचे फारसे काही नको होते, म्हणून चांदी मोजावी लागे. १७९३ मध्ये मॅकार्टनी हा इंग्रज वकील व्यापाराच्या सवलती मागायला सम्राट छ्येनलुंगच्या दरबारी गेला. त्याने कपाळ जमिनीला टेकवण्यास नकार दिला, आणि त्याच्या मागण्याही फेटाळल्या गेल्या. चांदीचा हा ओघ उलटवला तो अफूने. बंगालची अफू कलकत्त्याहून जाई, माळव्याची मुंबईहून. मुंबईच्या गोदीतून कापूस आणि अफू कँटनला निघे. या व्यापारातून मोठी झालेली नावे आपण रोज घेतो. जमशेटजी जीजीभाई तरुणपणी चीनच्या सफरी करून आले, जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय उभे करणाऱ्या संपत्तीत कापसाबरोबर अफूचा वाटा होता. १८३९ मध्ये लिन झशू या अधिकाऱ्याने अफूच्या २० हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या आणि युद्ध पेटले. १८४२ च्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. जमशेटजींना ‘सर’ किताब मिळाला तोही १८४२ मध्येच.

याच छ्येनलुंग सम्राटाची एक दंतकथा चहाच्या टेबलावर अजून जिवंत आहे. वेश पालटून फिरताना त्याने चहागृहात स्वतःच्या हाताने सेवकांना चहा ओतला. लोटांगण घातले तर गुपित फुटणार, म्हणून सेवकांनी वाकवलेली बोटे टेबलावर टेकवली. कुणी चहा ओतला की कँटनी माणूस आजही दोन बोटांनी टेबलावर टकटक करतो. कथेला कागदोपत्री पुरावा नाही. तरी मला ती अर्थपूर्ण वाटते. दरबारात ज्या लोटांगणावरून तेढ निर्माण झाली, तेच चहागृहात बोटांच्या पेरांवर येऊन आभाराची खूण झाले.

विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत कँटनच्या चहागृहांत चुरस लागली. दर आठवड्याला पदार्थांची नवी यादी जाहीर होऊ लागली. इंग्रजी धाटणीचा अंड्याचा टार्टही तेव्हाच फराळात शिरला. हाँगकाँगमध्ये १९३३ साली निघालेल्या एका चहागृहाने लू यूचेच नाव घेतले. ते आजही चालू आहे.

मात्र ‘यम चा’ला घरच्या बैठकीचे रूप आले ते गर्दीमुळे. १९४५ मध्ये हाँगकाँगची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. चीनमधल्या यादवीमुळे आणि सत्तांतरामुळे १९५१ पर्यंत ती वीस लाखांवर गेली. १९५३ च्या नाताळात शेक किप मेई झोपडपट्टीला आग लागून सुमारे ५३ हजार लोक बेघर झाले. त्यानंतर सरकारने बांधलेल्या चाळींत प्रौढ माणसामागे २४ चौरस फूट जागा धरली होती. अशा खोलीत पाहुणा बसवायचा कुठे? गिरणगावातल्या खोल्यांत राहिलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. आपल्याकडे त्याचे उत्तर गॅलरी आणि नाका हे होते, तिकडे चहागृह. रविवारी आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एका गोल टेबलाभोवती जमत. म्हातारे पिंजऱ्यातला पक्षी आणि वर्तमानपत्र घेऊन पहाटेच येत. मोठ्या दालनांतून टोपल्यांच्या ढकलगाड्या फिरू लागल्या. पदार्थ घेतला की टेबलावरच्या कार्डावर शिक्का पडे : लहान, मध्यम, मोठा. किटलीचे झाकण अर्धवट सरकवून ठेवले की गरम पाणी भरून मिळे. हाक मारावी लागत नसे.

बिलात आजही टोपल्यांहून वेगळा, माणशी चहाचा आकार असतो. परक्या गिऱ्हाईकाला तो खुपतो. माझ्या मते साऱ्या परंपरेचा अर्थ त्या एका ओळीत आहे. ते चहाच्या पानांचे मोल कमी आणि बसण्याच्या जागेचे भाडे जास्त. ज्याच्या घरात बसायला जागा नाही त्याने थोडक्या पैशांत दोन तासांसाठी घेतलेली ती ओसरी. आपण ‘चहाला या’ म्हणतो तेव्हा केवळ चहाचे आमंत्रण देत नसतो, तसेच हे. आपला ‘चहा’ आणि खेड्यातला ‘च्या’ हे शब्दही मुळात त्याच चिनी ‘चा’चे वंशज.

ढकलगाड्या आता कमी होत आहेत. त्यांना ऐसपैस दालन लागते, आणि हाँगकाँगमध्ये जागेचे भाडे परवडत नाही. कार्डावरच्या शिक्क्यांच्या जागी छापील यादीवर खुणा करायच्या असतात. पण टेबलाशी बसल्यावर वाढपी पहिला प्रश्न अजून तोच विचारतो : कोणता चहा? खायला काय, हे त्यानंतर. आपल्या ‘ब्रंच’मधून नेमका हाच प्रश्न गळाला. टोपल्या आल्या, चहा मागे राहिला, आणि त्या चहापायी मुंबईहून काय काय गेले होते याची आठवणही.