मृगाचा मासा आणि दम्याचे शास्त्र

जून महिन्याच्या सात-आठ तारखेस सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. महाराष्ट्रातील शेतकरी त्या दिवशी आभाळाकडे पाहतो, तर हैदराबादेत त्याच सुमारास दमेकऱ्यांची रीघ लागते. बत्तिनी घराण्यातील मंडळी मरळ जातीच्या माशाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात औषधी वनस्पतींचा पिवळसर लगदा भरतात आणि ते पिल्लू रोग्यास गिळावयास देतात. मांसाहार वर्ज्य असणाऱ्यांस तोच लगदा गुळातून मिळतो. एका साधुपुरुषाने 1845 साली ही विद्या आपल्या पूर्वजास दिली आणि मोबदला न घेण्याची अट घातली, असे हे घराणे सांगते. पूर्वी जुन्या शहरातील दूधबावलीच्या घरी होणारा हा कार्यक्रम पुढे नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर होऊ लागला. त्यास एके काळी औषध म्हणत. विवेकवादी मंडळींनी आक्षेप घेतल्यानंतर ‘प्रसाद’ हे नाव रूढ झाले.

या मैदानावर जी व्याधी हजारोंना ओढून आणते, तिचा इतिहास फार जुना आहे. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार वर्णिले आहेत : महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. त्यांपैकी तमकश्वास हाच आजचा दमा होय. ढगाळ हवेने तो वाढतो, निजल्यास धाप अधिक लागते आणि उठून बसल्यास बरे वाटते, हे निरीक्षण आजही खरे ठरते. परंतु ही वर्गवारी दिसणाऱ्या लक्षणांवरून केलेली होती. विकार शरीरात कोणत्या वाटेने घडतो, हे समजावयास विसावे शतक उजाडावे लागले.

ती वाट प्रथम दिसली ती समुद्रावर. 1901 साली मोनॅकोच्या राजाच्या नौकेवरून प्रवास करताना शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रातील दंश करणाऱ्या प्राण्यांच्या विषाचा अभ्यास आरंभिला. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचले. पहिल्या मात्रेतून वाचलेल्या नेपच्यून नावाच्या कुत्र्यास सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा अल्प मात्रा देताच तो थोड्या वेळातच मेला. विषाची सवय होऊन शरीर अधिक बळकट व्हावे, ही अपेक्षा होती. घडले ते नेमके उलट. रक्षणाच्या उलट अशा या अवस्थेला रिशे यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ असे नाव दिले आणि 1913 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यानंतर शोधांची माळच लागली. 1903 साली मोरिस आर्तुस यांना घोड्याचे सीरम वारंवार टोचलेल्या सशांच्या त्वचेवर सूज व व्रण आढळले. 1906 साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. मराठीत त्यासाठी ‘वावडे’ हा अस्सल शब्द आधीपासून होताच. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला कोळंबीने अंगावर पित्त उठते, हे घरोघरी ठाऊक होते. त्याचे कारण मात्र ठाऊक नव्हते.

या कारणाचा माग लागला तो एका माशामुळेच. हाइन्झ क्युस्टनर या जर्मन वैद्यास शिजविलेल्या माशाचे वावडे होते. 1921 साली त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याने क्युस्टनरचे रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांधी उठली. वावडे रक्तातील एखाद्या घटकातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे सिद्ध झाले. तो घटक म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड. 1966-67 च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे ते ओळखले.

तत्पूर्वी 1963 साली केंब्रिजचे रॉबिन कूम्ब्स आणि बर्मिंगहॅमचे फिलिप गेल यांनी या सर्व विकारांची चार वर्गांत मांडणी केली होती. पहिला वर्ग तत्काळ उमटणारा : प्रतिपिंडे मास्ट पेशींवर आधीच चिकटून बसलेली असतात, परागकण वा धुळीतील कण येताच त्या पेशी हिस्टामिन आदी द्रव्ये सोडतात, श्वासनलिका आक्रसतात आणि धाप लागते. दुसऱ्या वर्गात प्रतिपिंडे शरीरातील पेशींवरच चाल करतात. न जुळणाऱ्या गटाचे रक्त दिल्याने होणारा अनर्थ हे त्याचे उदाहरण. तिसऱ्यात प्रतिपिंड आणि परका पदार्थ यांचे पुंजके रक्तवाहिन्यांत साचून दाह होतो. सीरम टोचल्यानंतर येणारा ताप आणि सांधेदुखी यांचे मूळ तेथे आहे. चौथा वर्ग प्रतिपिंडांचा नव्हे, तर पांढऱ्या पेशींचा. तो एक-दोन दिवसांनी प्रकटतो.

चौथ्या वर्गाची साक्ष मराठी मुलखातच मिळते. बिब्बा एखाद्याला उततो, तो याच मार्गाने. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर परटाने बिब्ब्याने खूण केलेल्या कपड्यांमुळे चट्टे उठत. लष्करी डॉक्टरांनी त्याची नोंद केली आहे. पुण्यात 1950 नंतरच्या दशकात दिसू लागलेल्या गाजर गवताने पुढे अनेकांच्या त्वचेचा जो दाह केला, तोही याच वर्गातला.

या वर्गवारीचे मोल केवळ पुस्तकी नाही. मधमाशीच्या दंशाने कोसळलेल्या माणसास ॲड्रिनलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर तो वाचतो. बिब्बा उतलेल्यास त्याचा उपयोग नाही. अर्थात सगळाच दमा पहिल्या वर्गात बसत नाही, आणि एकाच रोग्यात दोन वर्ग एकत्र नांदू शकतात. म्हणूनच 2023 साली युरोपातील तज्ज्ञांनी या चौकटीचा विस्तार करून ऊतींच्या अस्तरातील व चयापचयातील दोषांनाही तीत जागा दिली.

हैदराबादला प्रयोगाची परंपरा नवी नाही. क्लोरोफॉर्मने होणाऱ्या मृत्यूंचा छडा लावण्यासाठी 1888 आणि 1889 साली एडवर्ड लॉरी यांच्या नेतृत्वाखाली येथे दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी निजाम महबूब अली खान यांच्या खर्चाने लंडनहून लॉडर ब्रंटन आले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वास आधी थांबतो, हृदय नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी हृदयही एकाएकी थांबू शकते, असे दाखविले. परंतु मांडलेली गोष्ट तपासता येईल अशा रीतीने मांडली होती, म्हणूनच ती दुरुस्त होऊ शकली.

मृगाच्या माशाचा गुण नियंत्रित प्रयोगांनी सिद्ध झालेला नाही. दमा स्वभावतःच चढता-उतरता विकार आहे. आज धाप लागलेला माणूस महिन्याने काही न करताही मोकळा श्वास घेऊ शकतो. त्याचे श्रेय ज्या उपायाच्या पदरी पडेल, तो थोर ठरतो. शिवाय ज्यास माशाचे वावडे असेल, त्याच्या बाबतीत क्युस्टनरची कथा विसरून चालणार नाही. मोबदला न घेता चाललेल्या प्रथेमागील सेवाभावाचा आदर करावा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाची आशाही खोटी नसते. मात्र ती आशा धरून कोणी रोजचे इनहेलर बंद केले, तर धोका खरा असतो. पावसाळ्याची ओल आणि बुरशी सुरू होते तीही याच दिवसांत, आणि दमेकऱ्यास औषधाची गरज अधिक भासते तीही तेव्हाच.